कायम निवास

सोमवार, ४

आज उपासमारीचं तिसरं बारसं झालं! आधी 'टंचाई' म्हणत होते, मग 'मिताहार', आजपासून 'हलका आहार सप्ताह'. सप्ताह कसला — सातवा आठवडा चालू आहे. आमच्या शब्द विभागात नऊ माणसं सकाळपासून यावर डोकं खाजवत होती. साहेब म्हणाले, "शब्द कसा, घशाखाली अलगद उतरला पाहिजे." घशाखाली उतरायला दुसरं उरलंय काय! सगळे मान डोलवत होते. लाळघोटे मेले. मीही डोलवली.

मग नेहमीची चाचणी. फरशी पुसणाऱ्या मावशींना खुर्चीवर बसवायचं आणि नवा शब्द वाचून दाखवायचा. त्यांचा चेहरा पडला तर शब्द बाद. आज पडला नाही. मंजूर! शिकल्यासवरल्या नऊ जणांना मिळून एवढंच जमतं — एका भाबड्या बाईला बनवणं.

मंगळवार, ५

दादाने शाळेत फळ्यावर 'उपासमार' लिहिलं. मुलांना म्हणे शुद्धलेखन घालत होता. असा कसा हा माणूस! दुपारी दोघं आले आणि त्याला 'मार्गदर्शना'ला घेऊन गेले.

आई म्हणते, "मार्गदर्शनच ना? जेवायला येईल." तिथे काय करतात ते मला माहितेय. 'मार्गदर्शन' हा शब्द आमच्या हेडक्लार्कचा. बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं त्याला, अजून मिरवतो.

बुधवार, ६

आला नाही.

गुरुवार, ७

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मार्गदर्शनात जे मरतात त्यांच्या घरी पत्र जातं, आणि ते वाचून लोक रस्त्यावर येऊन रडतात. शोभत नाही म्हणे! पत्रात 'मृत्यू' नको, नवा शब्द हवा. मग पेपरवेट फिरवत म्हणाले, "चांगला शब्द दे. तुझ्या भावाचं मी बघतो."

तोंडावर थुंकावंसं वाटलं. वही काढली.

शुक्रवार, ८

तीन शब्द नेले. 'चिरविश्रांती' ऐकून मावशींनी तोंडावर हात ठेवला. 'अंतिम मार्गदर्शन' म्हटल्यावर रडायलाच लागल्या. मग 'कायम निवास' — आणि बाई खुलल्या! "म्हणजे सरकारी खोली मिळाली म्हणा की! नशीब काढलं कुणीतरी."

मंजूर. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "भावाचं काम झालं समज," म्हणाले. हेडक्लार्कचं तोंड एवढंसं झालं. इथे तरी खोटं कशाला लिहू — मला बरं वाटलं. दादासाठी केलं, हे खरंच. पण शब्द जमला म्हणूनही बरं वाटलं.

रविवार, १०

आई दाराकडे बघत बसते. ताट झाकून ठेवते — त्या ताटात असतं तरी काय! तिला सांगितलं, साहेबांनी कबूल केलंय, उद्यापरवा येईल.

सोमवार, ११

पत्र आलं. 'आपल्या चिरंजीवांना कायम निवास मंजूर झाला आहे.'

आईला मीच वाचून दाखवलं. तिचा चेहरा पडला नाही. "म्हणजे खोली मिळाली ना गं त्याला?"

हो म्हटलं.

आता त्याचा स्वेटर काढून बसलीय. पत्ता विचारतेय.