पश्चिमेच्या भिंतीचा अंगरखा

बौद्धवाडी, पालीजवळ,
जि. रत्नागिरी

ति. महेंद्रमामा यांस मृणालीचा सविनय जयभीम.

पाकीट पाहून दचकू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच "बरं बरं, आईला दे" म्हणता आणि हा विषय तेवढ्यात मावत नाही. गुडघा कसा आहे? मामी कळवते की जिना चढताना तुम्ही कण्हता आणि उतरताना राजकारणावर बोलता, म्हणजे निम्मा तरी बरा असावा. तुम्ही मुंबई मंडळाचे अध्यक्ष आहात, त्यामुळे तुमच्या गुडघ्याची चौकशी मला इथे रस्त्यात थांबवून केली जाते. मी सगळ्यांना "सुधारतोय" सांगते. तेवढं खरं करा.

आता मूळ गोष्ट. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत आपण मुलींसाठी अभ्यासिका काढली, तेव्हा तिची पश्चिमेची चिऱ्याची भिंत इतकी तापायची की दुपारनंतर वहीवर घाम टपकायचा. मी नवीनवी इंजिनियर. सभेत उभी राहिले आणि म्हटलं, भिंतीला बाहेरून थर्माकोलचे तक्ते चिकटवू, वर जाळी लावू, वर पातळ गिलावा. आपल्या गावच्या मंडळाचे प्रमुख दादूआप्पा यांना काही उमजेना. मग मी मासळीच्या पेटीचा दाखला दिला : तिच्यात बर्फ टिकतो, तसा खोलीत गारवा टिकेल. ते पटलं. वास येणार नाही ना, एवढं मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

खोली खरोखर गार झाली. आणि उद्घाटनाच्या भाषणात मी (कोणी सांगितलं होतं) म्हटलं की ही भिंत वरून कडक दिसली तरी आतून मऊ आहे, पावसात तिला जपा. मामा, वाडीने तिला जपलं. मे संपताना पावसाचा मारा अडवायला पश्चिमेच्या भिंतींना विणलेल्या झावळ्यांची झापं बांधतात हे माझ्या लक्षात होतं. ती झापं खिळ्यांवर टांगतात हे नव्हतं. मी तेव्हा रत्नागिरीला साइटवर. परत येऊन पाहते तर बाकी घरांना झापांचा एक थर आणि माझ्या भिंतीला दोन. "तूच म्हणालीस ना गो जपा," समाजमंदिराशेजारच्या सोनूबाई म्हणाल्या. "आधी बारके खिळे मारलेले, ते मेले धरतच नव्हते. मग हे लांब आणले." थर्माकोलात खिळा धरत नाही, म्हणून तो चिऱ्यापर्यंत गेला पाहिजे, हे शास्त्र त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं. पुढच्या वर्षी जुनी भोकं सैल झाली म्हणून शेजारी नवी पाडली. एवढ्या मायेने भिंतीची चाळण केलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

भोकांतून पाणी आत गेलं आणि परत यायचा रस्ता विसरलं. गिलाव्याला केसासारख्या चिरा पडल्या. वर शेवाळ चढलं (ते माझ्या हिशेबात होतं. असा अंगरखा घातलेल्या भिंतीची बाहेरची बाजू रात्री गार पडते, दव लवकर वाळत नाही. पण पोपटी ते बाटलीहिरवा असे सगळे रंग एकाच भिंतीवर येतील असं पुस्तकात नव्हतं). कोपऱ्यात मुंग्यांनी थर्माकोल पोखरून बिऱ्हाडं केली. भिंत पोकळ वाजते म्हणून एका सुतारपक्ष्याने तिला झाड समजून भोक पाडलं, आणि त्यातून पांढरे दाणे गळू लागले ते सोनूबाईंच्या कोंबड्यांनी तांदूळ म्हणून टिपले. "तुझी भिंत खाऊन माझी कोंबडी मेली तर बघ," असा मला दम आहे. कोंबड्या ठणठणीत आहेत. भिंत नाही.

परवा सभा झाली. खोलीला ओल येते म्हणून ती बंद करून तिथे मंडपाची भांडी ठेवायची, असं ठरलं. ही सभा त्याच खोलीत भरली होती, कारण वाडीत गार जागा तेवढीच. ठराव मांडला तेव्हा दोन सभासद झोपले होते आणि मतदानासाठी त्यांना हलवावं लागलं. मुलींनी व्हरांड्यात बसावं म्हणतात. अभ्यासिकेतल्या दिशाची यंदा बारावी. तिच्या घरात एक खोली, सात माणसं आणि कधी न मिटणारा टीव्ही. व्हरांड्यात कुत्री, कॅरम आणि दादूआप्पांचे सल्ले. ती तिथे बसणार नाही, घरी बसेल, आणि मग पुढच्या वर्षी घरीच राहील. म्हणून मी दादूआप्पांना सगळा उपाय सांगितला : भिजलेले तक्ते कापून नवे बसवू, भोकं बुजवू, भिंत धुऊन रंग देऊ, आणि झापं यापुढे बांबूच्या मांडवावर, भिंतीपासून हातभर लांब. त्यांना सगळं पटलं. फक्त ठराव मागे घेऊ का विचारलं की त्यांना खोकला येतो.

बाकी सर्व क्षेम. मामीला जयभीम. आंब्याला पालवी चांगली आहे.

आपली भाची,
मृणाली

ता. क. : खोकल्याचं कारण लिहायचं राहिलं. सगळ्यात जास्त पाणी उद्घाटनाला तुम्ही बसवलेल्या संगमरवरी फलकामागून शिरतं. (आजोबांच्या, कालकथित जानूबाबांच्या स्मरणार्थ म्हणून लावलेला, त्यात त्यांचं नाव बारीक आणि तुमचं ठळक आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही.) चार मोठे स्क्रू आरपार गेले आहेत. शिवाय फलक रस्त्यावरून दिसावा म्हणून तेवढ्याच जागी झापं कापतात, त्यामुळे पावसाला पत्ता विचारावा लागत नाही. दादूआप्पांचं म्हणणं, "खोली गेली तरी चालंल, महेंद्राचं नाव मी नाय उतरवणार." तेव्हा फलक काढायला तुमची परवानगी हवी. तो आत लावू, मुलींच्या समोर. रस्त्यावरचे लोक वाचत नाहीत, मुली वाचतात.

ता. क. २ : होकार जरा लवकर कळवा. फलक काल उतरवला. वरचे दोन स्क्रू मी काढले, खालचे दोन तुमच्या बहिणीने.