अर्जातला नववा प्रश्न

इर्बिद, ३ मार्च

ती. वन्संना,
सलाम वि. वि.

फोनवर तुम्ही आधी रडता आणि मग फोन आपटता, म्हणून लिहायला बसले. करकच्या बसचा ड्रायव्हर अबू नायेफ हे पत्र तुमच्या हातात देईल. उत्तरही त्याच्याच हाती द्या.

फव्वाजच्या ओठाची जखम भरत आलीय. परवा शुक्रवारी करकला आले होते तेव्हा दोन तास पोरगं तुमच्या भरवशावर ठेवलं, तर तुम्ही त्याला मशिदीत नेलंत, दाराची लोखंडी किल्ली मागून घेतलीत आणि जीभ सुटावी म्हणून त्याच्या तोंडात फिरवलीत. साडेतीन वर्षांचं पोर ते, त्याला दात घासायचा ब्रशसुद्धा सहन होत नाही. आता कुलूप वाजलं की कान दाबून पलंगाखाली शिरतो. हे मी विसरणार नाही, वन्सं.

आता कामाचं. त्याला ऑटिझम आहे का ते तपासायला अम्मानच्या केंद्रात मी नाव घातलंय. वीस तारीख मिळालीय. हुकली तर पुढची वेळ थेट हिवाळ्यात. अर्जात नववा प्रश्न आहे: आईवडलांपैकी कोणी उशिरा बोललं का, लहानपणी काही वेगळं होतं का. माझं मी आईला विचारून लिहिलं. तुमच्या भावाला कुवेतला फोन केला, तर म्हणतो मला काय आठवतंय, ताईला विचार. सासूबाई गेल्या तेव्हा तो तान्हा होता, त्याला तुम्ही वाढवलंत. म्हणून विचारते.

शेवटी लोभ मागायची रीत आहे. मी उत्तर मागते, लोभाचं तुम्ही बघा.

आपली,
उम्म फव्वाज

करक, ६ मार्च

चि. सौ. रुबा हिस,
अ. उ. आ.

तुला नावानेच हाक मारते. सगळं इर्बिद तुला उम्म फव्वाज म्हणो, पण फव्वाज हे माझ्या वडिलांचं नाव आहे आणि त्या नावाची आई म्हणवून घ्यायला काही लायकी लागते. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव देतात ते घराणं पुढे चालावं म्हणून, दवाखान्याच्या फायलीवर चढवायला नाही.

तू दिवसभर बँकेत, पोरगं टीव्हीपुढे. ते बोलणार कोणाशी, रिमोटशी? आणि तपासणीचा एवढाच सोस असेल तर लांब बैरूतला जा, तिथे आपल्याला कुत्रं ओळखत नाही. वर माहेरचं आडनाव लाव. गुरुवारी चौदा तारखेला माझ्या लेकीला, दीमाला मागणी घालायला वीस माणसं येतायत. कॉफीचे पेले पुढ्यात ठेवून बसतील आणि आमचा होकार आला की मगच ओठाला लावतील. त्याआधी कोणी त्यांच्या कानात तुझ्या अम्मानचं घातलं, तर मी तुझं तोंड बघणार नाही.

नवव्या प्रश्नाला ‘नाही’ लिही. आमच्या घरात असलं काही नव्हतं. तुझा मामा कबुतरांशी तासन् तास गप्पा मारतो, हवं तर त्याचं लिही.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायला नको.

उम्म औनी

इर्बिद, ८ मार्च

वन्संना, सलाम.

त्या शुक्रवारी मी मशिदीत बांग देणाऱ्या म्हाताऱ्या मुअज्जिनला जाऊन चार शब्द सुनावले. तो बिचारा म्हणाला, बाई, माझ्यावर कशाला चिडतेस, तुझी नणंद काही पहिल्यांदा आलेली नाही, पस्तीस वर्षांपूर्वी हीच किल्ली तिने स्वतःच्या भावाच्या तोंडात फिरवली होती.

तुमच्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून आजवर गप्प बसले. तुम्ही मात्र माझ्या मामापर्यंत पोचलात.

खोटं ‘नाही’ मी लिहिणार नाही. तेरा तारखेच्या बसने उत्तर आलं नाही तर चौदाला फव्वाजला घेऊन बैठकीत येते. मुलीची मामी आहे, मानाने बसेन. पेल्यांचं काय व्हायचं ते होऊ दे.

रुबा
(तुम्हाला हेच आवडतं ना?)

करक, १२ मार्च

अ. उ. आ.

धमक्या मला देऊ नकोस. तुझ्याहून लहान असताना मी भावाला काखेत घेऊन घर चालवलंय.

माझ्याही वेळी माणसं आली होती. पेले मांडून झाले, मागणी तोंडातून निघायची तेवढी बाकी. तेवढ्यात चार वर्षांचा मुनीफ, तुझा नवरा, मेजाखालून निघाला, हात फडफडवत, घशातून तोच एक आवाज काढत. त्यांच्यातल्या थोरल्याने पेला मागे सारला. मग ते उठले. सतरा पेले मी एकटीने मोरीत ओतले. त्या माणसाचं नाव अजून घेत नाही मी. दुसऱ्याच आठवड्यात मुनीफला किल्लीसाठी नेलं. पुढे पाच वर्षांनी माझ्या औनीच्या वडिलांनी मागणी घातली, तेव्हा मुनीफ चुरूचुरू बोलत होता आणि आधीचं मी कोणालाही सांगितलं नाही. मुनीफलासुद्धा नाही.

नववा प्रश्न. घे लिहून. चार वर्षं आठ महिन्यांचा होईपर्यंत एक शब्द नाही. काही हवं असलं की माझं मनगट धरून माझा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा. अम्मीच्या डब्यातली बटणं रंगाने लावायचा, एक हललं तरी भिंतीवर डोकं आपटायचा. ईदचे नवे कपडे अंगाला लागू द्यायचा नाही. किल्ली फिरवली त्यानंतर सात महिन्यांनी बोलला. हे सात महिने मी कधी मोजलेच नव्हते. काल मोजले.

मुनीफलाही काल हे सगळं फोनवर सांगितलं. मग म्हणाला, वीस तारखेला मी येतो.

फव्वाजच्या ओठाबद्दल तुझी माफी मागणार नाही. त्याची मागेन, त्याला कळेल तेव्हा. गुरुवारी त्याला आणायचं असेल तर आण, मेजाखाली जागा ठेवते. मात्र दीमाला आज सगळं सांगितलंय, तिच्यासमोर नव्याने तोंड उघडू नकोस.

अर्जावर नाव पूर्ण लिही, आजोबांसकट. बैरूतला वगैरे जायची गरज नाही. पाकिटावर मी ‘उम्म फव्वाज’ लिहिलंय, त्याने हुरळून जाऊ नकोस. अबू नायेफला रुबा कोण ते कळत नाही.

उम्म औनी