बिनआवाजाची गाडी

बा, आज मी गाडी नाई काहाडली. गाडी चांगली आहे, बॅटरी भरून आहे, चाकात हवा आहे. माहा घसा बसला म्हनून ते आंगनात उभी आहे. तुले हासू येईन, का आटो चालवाले घशाचं काय काम. तू घुग्घुसच्या रस्त्यानं उभा जलम आटो चालवली, तुले कधी तोंड उघडाचं काम नाई पडलं, तुही गाडीच बोलत होती. मी जे आता लिहून राह्यली ते रोज रस्त्यानं तुले तोंडानं सांगतो. आज तोंडातून फुसफुस निंघते, म्हनून कागद घेतला. तू गेला अन माही शाळा सातवीतच सुटली, तवा चुका होईन.

तुही गाडी डिझेलची. खदानीची पाळी सुटली का तू मानसं भरून आने, मांगं लटकलेले वेगळेच. माय चुलीपाशी बसून राहे, तुही गाडी वळनावर वाजली का चुलीवर तवा ठेवे, अन भाकर पलटवली का तू दारात. कोनी घड्याळ पाहेच ना. शेजारची काकू मायले म्हने, "आला वो तुहा नवरदेव, वाजंत्री घेऊन." अख्खी गल्ली हासे. तुह्या गाडीच्या धुरानं दोरीवरचं लुगडं काळं होये, माय ते परत धुये, अन बडबडे. गाडी खोकले, तू बी खोकले. मी लहान होती, मले वाटे आटोवाल्याले खोकला राहतेच, जसा न्हाव्यापाशी वस्तरा राहते.

एक दिवस तू गाडीखाली निजून काईतरी कसून राह्यला होता. मी मांगून मुक्यानं आली अन तुह्या तळपायाले गुदगुली केली. तुहं डोकं लोखंडाले आदळलं. तू बाहेर निंघाला, कपाळाले रक्त. मले वाटलं आता मार पडते. तू नाई मारलं. रक्त पुसत म्हनला, "येतानी आवाज देत ये. समोरच्याले कळलं पाहिजे, कोन येऊन राह्यलं ते." दुसऱ्या दिवसापासून मी दुरूनच म्हनो, "बा, मी येऊन राह्यली." तू गाडीखालून म्हने, "ये."

मंग कायद्याची गोष्ट निंघाली. तू गाडी पासिंगले नेली, तिथल्या साहेबानं धुराच्या नळीत यंत्र घातलं अन मान हालवली. जुनं डिझेल आता शहरात चालू देनार नाई म्हने, गॅसची गाडी घ्या. तू घरी येऊन म्हनला, का गाडी नापास झाली. माय म्हने, "गाडी नापास झाली तं तू काऊन तोंड पाडते? तू तं चौथीतच नापास झाला होता." तू हासला, हासता हासता ढास लागली, ते थांबेच ना. गाडीचं काय कराचं ते ठरलं नाई, तेवढ्यात तूच गेला. डाक्टरनं सांगतलं फोप्सं काळं झालं. कोळशाच्या धुळीनं झालं का डिझेलच्या धुरानं, हे कोनी नाई सांगतलं. दोन्ही तिथीच होतं, अन तू बी तिथीच होता.

माहं लगन इकडं जंगलातल्या गावात झालं. नवरा माजरीच्या खदानीत ठेकेदाराकडं आहे, हप्त्यातून एक दिवस घरी येते. घरी मी, सासू अन लेकरू. आमच्या गावाले पहिले एस्टी येत होती, ते बंद झाली. लेकरू पोटात होतं तवा दवाखान्याचा रस्ता मी पायी काहाडला, सासूचा हात धरून, नाल्यापाशी दोनदा बसून. दोन्ही बाजूनं सागवन अन बांबू, मधात सडक, अन सडकेवर आम्ही दोघी. सासू सारा रस्ता मोठ्यानं बोलत होती. मले राग येत होता, का माहं पोट दुखून राह्यलं अन ही आपल्या माहेरच्या म्हशीच्या गोष्टी सांगते. नंतर कळलं का ते माह्यासाठी नाई बोलत होती.

मंग त्याच सरकारचा दुसरा कायदा आला. ज्यानं तुही गाडी नापास केली, ते म्हने का बॅटरीची गाडी घ्या. तिले परमिट नाई, टॅक्स नाई, अन बाईनं घेतली तं थोडा पैसा सरकार टाकते, बाकी ब्यांक. अट एकच, का बाईच्या नावानं गाडी, बाईनंच चालवाची, विकाची नाई, दुसऱ्याच्या हातात द्याची नाई. तालुक्याले मीटिंग झाली तं आमच्या गावातून मी एकटीच उभी राह्यली. आटोवाल्याची पोरगी, हॅन्डलचं काय भेव. लायसन काहाडलं, गाडी आली. हिरवी नंबर प्लेट आहे तिले, तुले आवडली असती. पहिल्या दिवशी सासूले बसवून निंघाली. थोड्या वेळानं सासू म्हने, "अवो, चालू कर ना." मी म्हटलं, "आत्याबाई, मांगं पाहा." गाव मांगं राहून गेलं होतं. धूर नाई, थरथर नाई, आवाज नाई.

पन बा, जंगलाले मुकं मानूस चालत नाई. इथले लोक मोहफूल वेचाले जाओ का तेंदूपत्ता तोडाले, बोलत जाते, खोकत जाते, काठी आपटत जाते. वाघ मुद्दाम मानसाच्या आंगावर येत नाई म्हनते. एकदम समोरासमोर झालं, त्याले कळलंच नाई का कोन आलं, तं येते. माही गाडी वळनावर गेली तं चितळं मान बी वर करत नाई, चाक पाशी आलं का उडी मारते. त्याइले उडी मारता येते. माही गाडी उघडी, चारी बाजूनं, अन हॅन्डलपाशी लुगड्याच्या झोळीत लेकरू. त्याले अजून अंगावर पाजा लागते. सासू धानाच्या रोवन्याले लोकाच्या वावरात, लेकरू कोनापाशी ठेवू. म्हनून ते संगंच राहते.

हॉर्न वाजवावं तं जंगलखात्याचा बोर्ड, हॉर्न वाजवू नये. एकदा वाजवला तं गार्डनं थांबवलं. म्हने, "बाई, बोर्ड वाचता येते का?" मी म्हटलं, "भाऊ, मले येते. वाघाले येते का ते पाहा." तो हासला, पन परत वाजवू नोको म्हने, दंड लागते. योजनेचे साहेब गाडी पाहाले आले, मीच चालवतो का नवरा चालवते ते पाहाले, तं त्याइले विचारलं का हिले आवाज बसवता येते का. साहेब म्हने, तसा नियम कधी येईन म्हनते, पन तुमच्या गाडीचं काई सांगता येत नाई. अन मंग म्हने, "बाई, आवाज नाई हेच तं हिचं भलं आहे." त्याइचं बी खोटं नाई. मी तुहं फोप्सं पाह्यलं आहे. पन एक खातं म्हनते मुकी गाडी घे, दुसरं खातं म्हनते मुकीच राहू दे, अन वाघ कोनत्याच खात्यात नाई.

सवाऱ्या राह्यल्या तं चिंता नाई. सहा बाया बसल्या का त्याइच्या बोलन्यानं सागवनाची पानं हालते. पन बॅटरी दिवसभर पुरत नाई, दुपारी एक खेप रिकामी घरी आनून चार्जिंगले लावा लागते. ते खेप मी अन लेकरू. सासूनं याच्यावर तोड काहाडली. मेलेल्या गाईच्या गळ्यातली घंटी ठेवून होती, ते गाडीच्या खालच्या दांडीले बांधली. खड्डा आला का टन टन वाजे. मले बरं वाटलं, लेकरू बी खूश. बाजाराच्या दिवशी आमच्या गावचा बुढा गाडीत बसला, त्यानं जिंदगीभर गुरं राखली. थोडा वेळ घंटी ऐकली, मंग म्हने, "सूनबाई, वाघाले जेवाले बोलावून राह्यली का?" साऱ्या बाया हासल्या, मी बी हासली. उतरतानी तो परत म्हने, हासल्यावर नोको नेऊ, सोडून टाक ते घंटी. मी हो म्हटलं. लेकरू भुकेनं रडत होतं, त्याले पाजलं, अन घंटी न सोडता रिकामी खेप घेऊन निंघाली.

नाल्याच्या पुलापाशी वाघ सडकेवर उभा होता. बांबूतून येऊन उभा, तोंड माह्याकडं. पन मले नाई पाहे. खाली पाहे, चाकापाशी, जिथून घंटी वाजे तिथी. तो गाय शोधून राह्यला होता. मी ब्रेक दाबला, घंटी थांबली, अन मंग काईच आवाज नाई. तुही गाडी उभी राह्यली तरी थरथर करे, माही उभी राह्यली तं मेल्यावानी. लेकरानं बोट दाखवलं अन म्हने, "माऊ." गाडीले मांगं न्याचं बटन आहे, ते मले आठवलंच नाई. ओरडाले गेली तं ओरडता नाई आलं. तोंडातून निंघालं ते हे, "बा, मी येऊन राह्यली." साध्या बोलीत, जसं गल्लीत म्हनो. परत म्हटलं. मंग तोंड थांबेच ना. लेकराले वरचे दात आले, सासूचा गुडघा दुखते, औंदा धानावर करपा आहे, सारं तुले सांगतलं, मोठ्यानं. वाघानं कान हालवले, आता माह्याकडं पाह्यलं. मंग मान फिरवली अन बांबूत गेला. घाईनं नाई गेला. मी बोलतच गावात आली. बोरिंगवरच्या बाया पाहत राह्यल्या, का हिले काय झालं. घंटी काहाडून सासूच्या हातात देली.

नवरा आला तवा त्याले समजलं. तो चिडला नाई. जेवन झालं, हात धुतला, मंग म्हने गाडी परत करून टाक, का तं लेकरू घेऊन जाऊ नोको. मी म्हटलं तुम्ही खदानीत उतरता, तिथी भेव नाई का. तो म्हने, "आहे. पन मी लेकराले घेऊन नाई उतरत." गाडी परत केली तं परत पायी. गावात दोघी पोटुशा आहे. सकाळी पान्याले जातानी आमच्या आंगनात पाहते, गाडी आहे का गेली, एवढंच. आज बी पाहून गेल्या.

मी त्याले सांगतलं, आता मी रिकाम्या खेपेले बोलत येतो. जंगल लागलं का सुरू, गावचा खांब दिसला का बंद. त्याचाच हा घसा. सासू म्हने मीठ-पान्याच्या गुळन्या कर, उद्या सुटन. पन रोज एवढं काय बोलाचं, बा? पहिले घरच्या गोष्टी सांगतल्या, त्या चार दिवसात सरल्या. मंग तुहं सारं आठवून आठवून सांगतलं, डिझेल, तवा, नापास, ते बी सरलं. मंग मी तुले विचारू लागली. सवाल विचारला का जवाब पाहिजे, नाईतं मधात आवाज तुटते, अन मले तिथीच भेव वाटते. तुहा आवाज कसा होता ते मले आता आठवत नाई. म्हनून मीच जाड्या आवाजात तुहा जवाब देतो. लेकरू खदखदा हासते.

पुलापाशी आली का एकच सवाल विचारतो, बा, लेकराले घेऊन जाऊ का. तू म्हनते, जाय पोरी. रोज म्हनते. नवऱ्याले बी मी हेच सांगतलं, का माहा बाप आटोवाला होता, तो असता तं जाय म्हनला असता. तो खाटेवर आडवा झाला, मेलेल्या सासऱ्याशी काय भांडन. हा कागद कुठी धाडाचा नाई, धाडाले जागाच नाई, म्हनून खरं ते याच्यात लिहून ठेवतो. तू काय म्हनला असता ते मले खरंच मालूम नाई. जाड्या आवाजात तुले "थांब" म्हनाले मी अजून एकदा बी नाई लावलं.