कालव्याच्या अलीकडची खोली

हॅटी,

दवाखान्याचं पत्र चहाच्या डब्याखाली ठेवलंय. आधी चहा कर, मग वाच. पत्ता बदलल्यामुळे सरकारी खर्चाच्या टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांच्या यादीतून आपलं नाव काढलंय. चौदा महिने थांबलो, तीनच उरले होते.

मी दवाखान्यात फोन केला. म्हटलं, "बाई, आम्ही फक्त कालवा ओलांडलाय. जुनं घर आमच्या ओट्यापाशी उभं राहून दिसतं."

ती म्हणाली, "कालवा हीच हद्द आहे, राजा. तिकडे चाळिशीपर्यंत घेतात, इकडे पस्तिशीपर्यंत. बायको किती वर्षांची?"

"छत्तीस. पण कालव्यापलीकडे ती तरुण आहे."

ती हसली नाही. महिनाअखेरपर्यंत परत तिकडे राहायला गेलात तर जुना नंबर मिळेल, एवढं मात्र म्हणाली.

बाळासाठी एक खोली जास्त हवी म्हणून आपण इथे आलो, आणि त्या खोलीपायीच बाळाचा नंबर गेला. हे तुला समोर बसून सांगितलं असतं तर मी मध्येच काहीतरी विनोद केला असता, म्हणून लिहितोय.

ऑग्डनबाईंकडे जातोय, आपली जुनी जागा त्यांनी अजून कोणाला भाड्याने दिली नाही ना, विचारायला. तिथे पाळणा मावणार नाही. बाळाला बेसिनमध्ये झोपवू.

बाळाच्या छोट्या खोलीतला हीटर चालू आहे. महिनाभर रोज सकाळी मीच लावतोय, तुला बोललो नव्हतो. आज बंद करायला गेलो, तर कोणाची तरी झोप मोडेल असं वाटलं. दार हळूच ओढून घेतलंय.

किट