खोडवा येण्याआधी

सर,

उद्या कारखान्याच्या मळ्यात शेतकऱ्यांना लागणीचं बेणं वाटायचा मेळावा आहे आणि नव्या जातीच्या उसाच्या प्लॉटपुढची पाटी मला रंगवायला सांगितली आहे. शुद्धलेखन बरं म्हणून हे काम पहिल्यापासून माझ्याकडंच. तुमच्या वेळी पाटीवर नुसता नंबर असायचा. आता चेअरमनच्या आईंचं नाव हवं आहे. खोडवा अजून यायचा आहे.

बारावी नापास होऊन कारखान्याच्या ऊस संशोधन विभागात तुमच्या हाताखाली लागलो, तेव्हा एका उंच वाढलेल्या प्लॉटच्या पाटीवर मी हौसेनं खडूनं ‘राजा’ लिहिलं होतं. तुम्ही रुमालानं ते पुसलंत. म्हणालात, “नाव दिलं की दोष दिसायचे बंद होतात. लागणीचा ऊस कुठलाही छान दिसतो. तोडल्यावर त्याच बुडख्यातून खोडवा कसा फुटतो ते बघू, मग बारसं.”

आणि निवडणुकीच्या वर्षातली ती बैठक. दार बंद आहे, मी चहा घेऊन आत उभा आहे. जुने चेअरमन, म्हणजे आत्ताच्यांचे वडील, विचारतात, “साहेब, ऊस डोक्याच्या वर गेलाय की. आनि काय बघायचं ऱ्हायलंय?”

“खोडवा.”

“तवर निवडणूक हून जाईल. मग त्या खोडव्याचा हार करून घालू व्हय गळ्यात?” सगळे हसतात. “बेणं वाटायला माझी सही मिळणार नाही,” तुम्ही म्हणता, इतक्या हळू की मलाही जेमतेम ऐकू येतं.

सहीवाचून बेणं वाटलं गेलं. खोडवा गवतासारखा फुटला. गडमुडशिंगीच्या एका शेतकऱ्यानं त्यातला एक ठोंब तुमच्या टेबलावर आणून टाकला. “साहेब, ह्ये म्हशीला घालू का कारखान्याला?” तिकडं सभेत चेअरमन म्हणाले होते की आम्ही शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवला. तुम्ही रुमालानं टेबलावरची माती पुसलीत. तो शेतकरी गेल्यावर मी चिडून म्हणालो, “सर, तुम्ही तर नाही म्हणाला होतात.” तुम्ही म्हणालात, “त्याला कुठं ऐकू गेलं होतं?” पुढं लवकरच तुम्ही वारलात.

या नव्या उसाच्या कडेच्या दोन सऱ्या आम्ही नमुन्यासाठी आधी तोडल्या. त्यांचे फुटवे बारीक आणि पांढरट दिसतात. रोग असेल, पाण्याची ओढही असेल; आज सांगता येत नाही. सांगता येत नाही, एवढंच खरं तर सांगायचं आहे. पण मेळाव्यात ते कोण ऐकून घेईल? चेअरमन म्हणाले, “तू साहेबांच्या हाताखालचा. लोकं तुझं ऐकत्यात. माईकवर ह्या उसाबद्दल दोन चांगले शब्द बोल, मग तुझ्या कायम नोकरीचं बघू.”

सकाळी गारगोटीहून मामा आला. “उद्या पयल्या गाडीत माझं बेणं भरायचं, काय?” मी त्याला कडेच्या सऱ्यांचं सगळं सांगितलं, खोडवा बघून मग घे म्हणालो. तो म्हणाला, “मग उद्या समद्यांम्होरं ह्येच बोलणार न्हवं लेका?”

मामा गेला, मी पाटीपुढं बसलो. पाटीवर अजून नंबरच आहे, रंगाचा डबा उघडलेला नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढंही लिहून ठेवतो. मामाला सांगण्याआधी मी उठून दार लावून घेतलं होतं.