पाटीवरचं "काऊन"

प्रिय बाई,

तू जाऊन महिना झाला. रडून झालं. आज मात्र संताप आलाय, आणि तो ऐकून घ्यायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून थोरल्या बहिणीला, तुलाच लिहितेय.

कॉलेजनं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला तुझं नाव द्यायचं ठरवलंय. मी जिथं तासिकांवर शिकवते, त्याच कॉलेजनं! तिथल्या नोकरीच्या मुलाखतीत तू म्हणाली होतीस, "गोदावरीतला भोवरा एकाच जागी काऊन फिरते, हे मले शोधायचं हाय." आणि सगळे हसले होते. प्रश्नाला नव्हे, "का"च्या जागी आलेल्या "काऊन"ला! "आधी शुद्ध बोलायला शिका," म्हणाले आणि परत पाठवलं.

तू बाहेर गेलीस, त्याच भोवऱ्यावर आयुष्य घातलंस, देशातला मोठा पुरस्कार मिळवलास. आणि भाषणात आभार मानलेस ते याच कॉलेजचे? मी टीव्हीसमोरून जेवणाचं ताट सरकवून उठले होते. एवढं मोठं मन कशाला दाखवायचं गं?

आणखी एक बोलतेच. नंतर नंतर तू घरीसुद्धा फोनवर "मला, तुला" करायला लागलीस. जाळं दुरुस्त करता करता बाबा म्हणाले, "आपली पोरगी पाव्हणी झाली." तू विचारायचीस, बाबा हल्ली फोनवर का येत नाहीत. काय सांगणार होते मी? आणि मी तरी कुठं वेगळी! वर्गात मीही "मला"च म्हणते.

आज प्राचार्यांनी पाटीचा मजकूर दाखवला. मुलाखतीत हसणाऱ्यांत हेही होते. विद्यार्थ्यांना मात्र तू शेवटपर्यंत आपल्याच बोलीत सांगायचीस ना, "काऊन इचारल्याशिवाय सोडू नोका"? त्याचं त्यांनी केलंय, "का, हे विचारल्याशिवाय सोडू नका."

"पाटीवर शुद्ध मराठी हवी, मॅडम."

"सर, हे मले पटून नाई राह्यलं." माझ्या तोंडून तसंच निघालं.

ते हसले. अगदी तसेच! मग म्हणाले, "तुमची नेमणूक दर वर्षी आम्हीच करतो, हे लक्षात असू द्या."

नाव द्यायला कुटुंबाची संमती लागते म्हणे. कुटुंब म्हणजे आता मी एकटी. संमतीचा कागद तसाच कोरा त्यांच्या टेबलावर ठेवून आले. खोटं कशाला सांगू? पुढच्या वर्षी बहुतेक घरीच बसेन.

पण शब्द देते, बाई. "काऊन" लागेल तरच तुझं नाव लागेल. तिथं केली नाही ती सही इथं करते.

तुझी लहानी,
शारदा