टिटवाळ्याला केलेला नाश्ता

कळवा,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. रुपालीस,

अनेक आशीर्वाद. नावाआधी 'सौ.' लिहावं की नाही ते कळेना, म्हणून नुसतं चिरंजीव लिहिलं. मी बरी आहे. थंडी पडल्यापासून गुडघा कुरकुरतो, एवढंच. समोरच्या दर्शनाला मुलगी झाली, बारसं पुढच्या आठवड्यात आहे. तू लावलेल्या अबोलीला अजून फुलं येतात.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. त्याबद्दल तक्रार नाही. पण एक गोष्ट तुला सांगायची आहे, म्हणून पत्र.

रविवारी मी टिटवाळ्याला आलेले. सहजच. तुझा पत्ता कोर्टाच्या कागदावर होता. सात वाजता तुझ्या बिल्डिंगखाली पोचले आणि मग वाटलं, रविवारी एवढ्या सकाळी कुणाच्या दारात कसं जायचं? समोर पत्र्याचं छप्पर असलेलं छोटं हॉटेल दिसलं. चार बाकडी, बाहेर रांगोळी. म्हटलं, तासभर इथे बसू.

तुला हसू येईल, पण साठीला आलेली मी हॉटेलात एकटी कधी बसले नव्हते. तुझे सासरे होते तेव्हा ते ऑर्डर द्यायचे. ते गेल्यावर तर हॉटेलात जायची वेळच आली नाही. आत शिरल्यावर आधी कुठे बसायचं ते कळेना, मग मागायचं काय ते कळेना. शेजारच्या माणसाच्या ताटलीत वाकून बघितलं. त्याने पोह्यांवर लाल रस्सा ओतलेला. मी मालकीणबाईंना विचारलं, "हे काय हो?"

"पोहे-मिसळ. मुरबाडकडची आहे मी, आमच्या घरी असंच खातात. द्यायची का? तिखट चालतं ना?"

चालतं म्हटलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण रस्सा सुंदर होता गं! मटकी अगदी नेमकी शिजलेली, आणि वाटणात भाजलेल्या खोबऱ्याबरोबर आणखी काहीतरी होतं, ते मला ओळखता येईना. विचारलं तर बाई म्हणाल्या, "तीळ. थोडेच घालायचे." शेवंताबाई त्यांचं नाव. तुला ते माहीतच आहे. एकटी बाई पहाटे चारला उठून सगळं करते, हे ऐकून मी विचारतच सुटले. पाव कुठून आणता, पाणी पुरतं का, दुपारी काय करता. त्या तळता तळता सांगत होत्या, मीही कळव्याहून आल्याचं सांगून टाकलं. मला इतकी मजा वाटत होती, की कशासाठी आलेय ते मी विसरलेच.

आणि तू आलीस.

निळा कुर्ता, केस ओले. मी चटकन भिंतीकडे तोंड केलं. तू दारातूनच ओरडलीस, "शेवंतामावशी, माझं नेहमीचं! कांदा जास्त!" तुझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. चार वर्षं एका घरात राहिलो आपण. तू पेपरातलं शब्दकोडं सोडवायला बसलीस आणि एकेक शब्द मोठ्याने विचारू लागलीस. शेवंताबाई भलतीच उत्तरं देत होत्या आणि तू खदखदून हसत होतीस. त्या पाठमोऱ्या बाईला, म्हणजे मला, वाटत होतं, ही कोण मुलगी? हिला तिखट आवडतं, ही कोडी सोडवते, हसताना बाकावर हात आपटते. आमच्याकडे तू सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं, उभ्याने खायचीस. तुला काय आवडतं ते मी कधी विचारलं नाही.

तेवढ्यात शेवंताबाई तुला म्हणाल्या, "ताई, या काकूपण कळव्याच्याच..."

मी उठले आणि मागच्या नळावर हात धुवायला गेले. धूत राहिले. परत आले तेव्हा तू गेली होतीस.

शेवंताबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?"

"ओळखीची."

"मग तोंड का लपवलंत?"

त्या समोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "गेल्या साली पितृपक्षात पहिल्यांदा आली, तेव्हा डाव्या हातानं खायची. सारखं सांडायचं. मी विचारलं, डावखुरी का गं? तर नुसती हसली. दोन महिने मी तिला पाव तोडून देत होते. मग एक दिवस उजव्या हातानं खायला लागली. काय झालेलं ते तिनं सांगितलं नाही, आणि मीपण विचारलं नाही."

चहा तसाच ठेवून मी उठले. तुझ्या जिन्यापर्यंत गेले आणि मागे फिरले.

रुपाली, वर 'सहजच' लिहिलंय ते खोटं आहे. दिपेशने पाठवलेलं मला. "तुझं ती ऐकेल, केस मागे घ्यायला सांग, घरी घेऊन ये." मीही मनात वाक्यं जुळवून आलेले. संसार म्हटला की होतंच, तो आता सुधारलाय, वगैरे. हे तुला सांगायला मी आलेले. त्या शेवंताबाईंनी अनोळखी मुलीला दोन महिने पाव तोडून दिला, आणि मी काय केलं?

गेल्या वर्षी गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी इडलीची चटणी वाटत होते. तुमच्या खोलीतून आधी त्याचा आवाज आला, मग काहीतरी आपटल्याचा, आणि मग तू हाक मारलीस, "आई!" तुझी आई तू कॉलेजात असतानाच गेली. म्हणजे हाक मलाच होती. चटणी कधीच वाटून झालेली. तरी मी मिक्सर बंद केला नाही.

दुपारी तुझा सुजलेला हात बघून दर्शनाने विचारलं, तर तुझ्याआधी मीच बोलले, "बाथरूममध्ये पाय घसरला." तू माझ्याकडे बघितलंस. आठ दिवसांनी तू बॅग घेऊन गेलीस, तेव्हा 'येते' म्हणाली नाहीस. मला त्याचा राग आलेला. वर्षभर मी तो राग बाळगला, कारण रागावणं सोपं होतं.

रविवारी घरी आल्यावर दिपेशने विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "मी भेटलेच नाही." त्याच्या वकिलाने माझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र करून ठेवलंय. घरात कधीही मारहाण झाली नाही, असं त्यात आहे. सोमवारी सही करायची होती. मी सांगितलं, करणार नाही.

"आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"बाजूचं नाही रे. मी ऐकलंय. तुला माहितेय मी ऐकलंय."

त्याने ताट सरकवलं आणि निघून गेला. दोन दिवस मित्राकडे आहे, घरी जेवलेला नाही. माझाच मुलगा आहे. त्याची काळजी वाटते, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण तो असा झाला त्यात माझ्या गप्प बसण्याचाही वाटा आहे, हेही मला आता कळतंय.

तू परत यावंस म्हणून हे लिहीत नाही. येऊ नकोस. मला माफ कर असंही म्हणत नाही, तो तुझा प्रश्न आहे. तुझ्या वकीलबाईंना हे पत्र दाखव. कोर्टात बोलावलं तर येईन आणि वर लिहिलंय तेच सांगेन. दिपेश समोर बसलेला असेल, तरी सांगेन.

पत्राखाली नेहमी नुसतं 'आई' लिहायचे. आज पूर्ण नाव लिहिते, म्हणजे हे कागदोपत्री चालेल.

विनिता श्रीपाद शिगवण
(शुक्रवार, १३ सप्टेंबर २०२४ रोजी सकाळी घरात हजर होते.)